उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपण सहज म्हणून जातो. एखाद्या हलाखीतल्या घराला बरे दिवस आले, उनाड म्हणून ओवाळून टाकलेला मुलगा नोकरीला लागला, की ही म्हण ओठावर येते. म्हणीतल्या उकिरड्याकडे मात्र कोणी पाहत नाही. आज मला त्याच्याकडेच पाहायचे आहे. कारण आपल्या ह्या इंदुरात, होळकरांच्या अमदानीत, उकिरड्याचे पांग बारा वर्षांऐवजी तीन महिन्यांत कसे फेडावेत ह्याचा रीतसर हिशेब मांडला गेला, त्याचे पुस्तक झाले आणि तो ‘इंदूर पद्धत’ ह्या नावाने साऱ्या जगात गेला. पुस्तकावर लेखक म्हणून दोन नावे आहेत. पहिले इंग्रजाचे आणि दुसरे यशवंत डी. वाड ह्यांचे, वाचताच आपल्या माणसाची ओळख पटावी असे. पहिल्या नावाचे चरित्र लिहिले गेले. दुसऱ्याबद्दल आपण मराठी मंडळींनीही फारशी विचारपूस केलेली नाही.

साहित्य संस्थेच्या व्याख्यानमालेत कचऱ्याचा विषय कशाला, असे बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या वाचकाला वाटेल. विषय भाषेपासूनच सुरू होतो, म्हणून. आजीच्या तोंडचे शब्द आठवून पाहा. केर, उष्टे, खरकटे, निर्माल्य, राख, चोथा, साली, कोंडा, चिंध्या, रद्दी, मोडीची भांडी, पालापाचोळा, शेणखत, सोनखत. ह्यातला प्रत्येक शब्द नुसती वस्तू सांगत नाही, ती पुढे कुठे जाणार तेही सांगतो. साली आणि कोंडा गाईपुढे. राख भांडी घासायला, उरली तर परसातल्या अळूच्या बुडाशी. निर्माल्य झाडाच्या मुळाशी किंवा वाहत्या पाण्यात. मऊ झालेल्या लुगड्याची गोधडी, त्याहून बऱ्या कपड्यांवर बोहारणीशी तासभर घासाघीस करून एखादे पातेले. मोड तांबटाकडे. कुठल्याही घरात ‘कचरा’ नावाचा एकच एक पदार्थ नव्हता. पुढे तो झाला, आणि सगळे शब्द त्या एका शब्दात बुडाले.

पण इथे गहिवरून जायचे कारण नाही. जुन्या वाड्याला पुढचे दार होते तसे मागचेही होते, आणि मागच्या दाराने टोपलीच्या संडासातला मैला डोक्यावर वाहून नेणारी माणसे येत. त्यांची जात ठरलेली, वाट ठरलेली, पाणी वरून ओतायचे तेही ठरलेले. सोनखत हा शब्द कितीही गोंडस असला, तरी ते सोने उचलणारे हात कोणाचे होते हे वाड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. आपल्या घरची शिस्त चांगली होती हे खरे. त्या शिस्तीतला सर्वांत अवघड भाग आपण दुसऱ्यावर टाकला होता, हेही तितकेच खरे. पुढचा सारा इतिहास वाचताना हे मागचे दार डोळ्यांआड होऊ देऊ नका.

आता प्लेगाकडे येतो. १८९६ साली तो मुंबईत आला आणि वर्षभरात पुण्यात पोचला. पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरे कशी झडली, देवघरापर्यंत कसे पाय घातले आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडच्या हत्येत कसा झाला, हे सांगायला नको. स्वच्छता ही सरकारने लादायची आणि रयतेने चुकवायची गोष्ट, अशी गाठ त्या काळात लोकांच्या मनात बसली. मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांतही प्लेग वर्षानुवर्षे येत राहिला. उंदीर पडू लागले की घरे सोडून रानात राहुट्या ठोकायच्या, हे आपल्या पणज्यांना सवयीचे झाले होते.

अशा वेळी तिसऱ्या तुकोजीराव महाराजांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस ह्या स्कॉटिश गृहस्थांना नगररचनेसाठी बोलावले. गेडिस मुळात जीवशास्त्राचे अभ्यासक. शहराकडे ते इंजिनिअरच्या नजरेने न पाहता वैद्याच्या नजरेने पाहत. नकाशा हातात घेऊन गल्लीबोळांतून हिंडत, आणि सरळ रस्त्यासाठी वस्तीवर नांगर फिरवण्याऐवजी एखादी पडकी भिंत काढली तर चौकात हवा खेळेल का, एवढेच बघत. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली इंदुरात छापला गेला. जाता जाता एक जोड सांगतो: १९१७ साली गणेश जनार्दन आगाशे ह्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरले होते. एकाच सुमारास एका मांडवात भाषेची चर्चा चालली होती आणि बाहेर हा म्हातारा गटारे मोजीत होता. संमेलनाची नोंद आपण जपून ठेवली.

गेडिस ह्यांनी पुढे आपल्या शिष्यांना सांगितलेली हकिकत अशी. हा साहेब नकाशा घेऊन हिंडतो म्हणजे घरे पाडणार, ह्याच्यामागोमाग प्लेग येणार, असे लोक उघड म्हणू लागले. तेव्हा त्यांनी दरबाराकडे अजब मागणी केली. दिवाळीपुरता मला एक दिवसाचा राजा करा. परवानगी मिळाली. मग दवंडी पिटली, की ह्या वर्षी मिरवणूक हिंदूंच्या ठरलेल्या वाटेने जाणार नाही आणि मुसलमानांच्याही जाणार नाही. ज्या मोहल्ल्यातली घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ असतील, त्या मोहल्ल्यातून जाईल. घरातली अडगळ उचलून न्यायला गाड्या फुकट. दिवाळीच्या आधी आपण घर झाडतोच, सारवतो, रंगवतो. गेडिस ह्यांनी त्या रिवाजालाच चढाओढीची फोडणी दिली. घरांतून आणि चौकांतून सहा हजारांहून अधिक गाड्या कचरा निघाला असे ते सांगतात. उंदीरही पकडले गेले.

मिरवणुकीत हत्ती, घोडे, बँड हे सारे होतेच. शिवाय घाणीचा एक अक्राळविक्राळ राक्षस आणि प्लेगाचा प्रचंड उंदीर केला होता. रावणासारखे त्यांचे शेवटी दहन झाले. पण त्या मिरवणुकीतली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. शहरातले सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे आणि नवे फेटे घालून, झाडूंना फुलांच्या माळा बांधून, रंगवलेल्या कचरागाड्यांसह मिरवणुकीत मानाने चालले. जे मागच्या दाराने यायचे, ते त्या दिवशी राजरस्त्याने गेले. त्या साली प्लेग ओसरला. त्याचा हंगामही संपत आला होता, हे गेडिस स्वतःच कबूल करतात, आणि ह्या कबुलीमुळे मला त्यांच्या बाकीच्या हकिकतीवर विश्वास ठेवावासा वाटतो.

दुसऱ्या दिवशी काय झाले? माळा सुकल्या, फेटे घडी घालून ठेवले गेले आणि माणसे पुन्हा मागच्या गल्लीत गेली. एका मिरवणुकीकडून ह्याहून जास्त मागणे हा तिच्यावर अन्याय होईल. पण आपल्याकडे स्वच्छतेचे पुढारी बहुधा मिरवणुकीपाशीच थांबतात, म्हणून हे नोंदवून ठेवतो.

गेडिस ह्यांच्या अहवालात आणखी एक विचार आहे, तो मिरवणुकीइतका गाजला नाही. त्या काळी मोठ्या शहरांच्या आरोग्यखात्यांचा एकच मंत्र होता: सगळे काही गटारात, गटार नदीत. गेडिस ह्यांनी त्याच्या उलट मांडणी केली. जे जमिनीतून आले ते जमिनीत जाऊ द्या. खान आणि सरस्वती ह्या तुमच्या दोन नद्या गावाच्या मध्यात, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी मिळतात. त्यांच्या काठी बागा करा, घाट नीट करा, मैला त्यांत सोडू नका. त्याचे खत बागांना द्या. हे ऐकले गेले नाही. खान नदीला शहरातले लोक पुढे कित्येक वर्षे ‘नाला’ म्हणूनच ओळखत राहिले, आणि ती घाण घेऊन क्षिप्रेला मिळत राहिली. उज्जैनला कुंभमेळ्याला गेलेल्यांना हे सांगायला नको.

गेडिस गेले आणि काही वर्षांतच, १९२४ साली, अल्बर्ट हॉवर्ड इंदुरात आले. हे सरकारी शेतीखात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ. १९०५ पासून बिहारात पुसा येथे होते. तिथे एकाने जात बघायची, दुसऱ्याने माती, तिसऱ्याने कीड, आणि एकाच रोपाबद्दल तिघांनी तीन अहवाल लिहायचे, ह्या पद्धतीला ते कंटाळले होते. कापूस समितीचा पैसा, संस्थानांच्या वर्गण्या आणि होळकर दरबाराने दिलेली सुमारे तीनशे एकर जमीन ह्यांवर त्यांनी संस्था उभारली. आजचे आपले कृषी महाविद्यालय ते हेच. पत्नी गॅब्रिएल त्यांच्या बरोबरीच्या शास्त्रज्ञ होत्या, आणि रसायनाच्या कामाला वाड.

प्रश्न साधा होता. माळव्याची काळी जमीन खत मागते. शेणातले निम्मेअधिक गोवऱ्या होऊन चुलीत जाते. गोमूत्र गोठ्याच्या जमिनीत मुरून फुकट जाते. पऱ्हाट्या आणि तुराट्या बांधावर जाळल्या जातात. राहिलेल्या शेणाचा उकिरडा उन्हात वाळतो, पावसात वाहून जातो, आणि त्यातले नत्र हवेत उडून जाते. म्हणजे शेतकऱ्याच्या दारात चार प्रकारचे टाकाऊ पदार्थ होते आणि चारही वेगवेगळ्या वाटांनी नासत होते. चीन, कोरिया आणि जपानमधल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षे जमिनीचा कस कसा राखला ह्यावरचे किंग ह्या अमेरिकन लेखकाचे १९११ चे पुस्तक हॉवर्ड ह्यांच्या डोक्यात होते. तिथे जे पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने होत होते, ते कसे होते हे मोजून काढायचे, असे ह्या मंडळींनी ठरवले.

कृती थोडी सविस्तर सांगतो, कारण तुमच्यापैकी ज्यांच्या गच्चीवर खताचा डबा आहे त्यांना ती ओळखीची वाटेल. पऱ्हाट्या कडक असतात, लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर पसरून ठेवायच्या. येता-जाता गाड्यांची चाके आणि बैलांचे खूर त्यांचा भुगा करतात. ह्यासाठी यंत्र नाही, वेगळी मजुरी नाही. ओले तण आधी वाळू द्यायचे. मग पऱ्हाट्यांचा भुगा, पाने, तण, पाचट असे मिळेल ते मिसळून बैलांखाली अंथरायचे. रात्रभर त्यात मूत्र मुरते. सकाळी ते अंथरूण शेणासकट उचलून खड्ड्यात न्यायचे. खड्डा तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि अवघा दोन फूट खोल. खोल केला तर खाली हवा पोचत नाही. थरावर शेणकाला, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि चुलीतली राख शिंपडायची. राख आंबटपणा मारते. पाणी बेताचे. मग साधारण पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी अशी तीनदा उलथापालथ. ढीग आतून असा तापतो की माश्यांच्या अळ्या त्यात जगत नाहीत. तीन महिन्यांनी हाती येते ते काळे, भुसभुशीत, वास नसलेले खत. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग करायचा.

ह्यातला शास्त्राचा भाग मुख्यतः प्रमाणाचा होता. वाळक्या काडीकचऱ्यात कर्ब फार आणि नत्र थोडे. शेण आणि मूत्र ह्यांत नत्र भरपूर. सुरुवातीच्या मिश्रणात कर्ब आणि नत्र ह्यांचे प्रमाण ३३ ला १ च्या आसपास असले म्हणजे कुजणे नीट चालते, खत तयार होते तेव्हा ते १० ला १ वर येते. चाळीस बैलांच्या गोठ्यावर वर्षाला सुमारे हजार गाड्या खत निघे. १९३१ साली हॉवर्ड आणि वाड ह्यांचे पुस्तक ऑक्सफर्डने काढले. शेतीतल्या टाकाऊ पदार्थांपासून खतमाती करण्याविषयीचे ते पुस्तक. त्याच वर्षी हॉवर्ड विलायतेला परतले आणि पुढे सेंद्रिय शेतीचे एक आद्य पुरुष म्हणून गाजले. मळ्यांतून, बागांतून, दूरदूरच्या देशांत ‘इंदूर पद्धत’ हे शब्द रुळले. परदेशातल्या कित्येकांना इंदूर हे शहराचे नाव आहे हेही ठाऊक नसेल, खताच्या कृतीचेच ते नाव वाटत असेल!

वाड मात्र इथेच राहिले आणि त्यांनी, हॉवर्ड ह्यांच्या मागून संस्था चालवणाऱ्या जॅक्सन ह्यांच्या जोडीने, पुढचे पाऊल टाकले. ते मला मूळ शोधापेक्षाही धाडसाचे वाटते. शेतीतला काडीकचरा सोपा. कोणाचाही हात त्याला लागू शकतो. ह्यांनी शहराचा केर आणि मैला ह्यांना तीच कृती लावली. १९३४ साली त्यांचा वसाहतींतल्या घाणीची आरोग्यकारक विल्हेवाट आणि शेतीसाठी तिचा उपयोग ह्या विषयावरचा लेख वैद्यकाच्या नियतकालिकात आला. शेतीचा प्रश्न आणि आरोग्याचा प्रश्न एकच आहे, असे त्या दोघांनी कागदावर ठेवले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९३५ मध्ये, हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरास आले तेव्हा ते ही संस्था पाहायला गेले. त्यांना त्यात रस वाटावा हे साहजिकच होते. ‘हरिजन’मधून ह्या पद्धतीची माहिती दिली गेली. त्याच १९३५ साली औंधचे पंतप्रतिनिधी भवानराव ह्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलनही इंदुरात भरले. उकिरडा आणि साहित्य ह्यांची इंदुरात अशी दुसऱ्यांदा गाठ पडली; बोलणे मात्र ह्याही वेळी झाले नाही.

ही पद्धत मैल्याला लावली, तरी ढीग उलथणार कोण, हा प्रश्न उरतोच. रसायनशास्त्राने मैल्याचे खत केले. तो खड्ड्यापर्यंत नेणारे डोके तेच राहिले. हाताने मैला उचलायला लावणे हा गुन्हा ठरायला १९९३ साल उजाडले, आणि तो कायदा अपुरा म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. गटारात उतरून गुदमरलेल्या कामगारांच्या बातम्या अजूनही येतात.

नंतरची पन्नास-साठ वर्षे मी भराभर ओलांडतो. पोत्यातले खत आले, शेतकऱ्याला शहराच्या केराची गरज उरली नाही. चूल गेली, राख गेली. प्लॅस्टिकची पिशवी आली आणि तिने सगळ्यांत वाईट काम केले: तिच्यात ओले, सुके, काच, औषधाच्या बाटल्या, सारे एकत्र बांधता येऊ लागले. साली वेगळ्या असत्या तर खत झाल्या असत्या, कागद वेगळा असता तर रद्दी झाला असता. एका पिशवीत गाठ मारली की दोन्ही वाया. कोपऱ्यावरची लोखंडी पेटी भरून वाहायची, गाई त्यात तोंड घालायच्या, आणि उरलेले देवगुराडियाच्या पायथ्याशी जाऊन पडायचे. तिथे डोंगराशेजारी दुसरा डोंगर उभा राहिला. तो आतून धुमसायचा. ज्या गावाने उकिरड्याचे पांग तीन महिन्यांत फेडून दाखवले होते, त्याच गावाचा उकिरडा दशकानुदशके तसाच पडून राहिला.

२०१६ च्या सुमारास ह्याला वळण लागले, ते आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोरचे आहे. पंचाऐंशी वॉर्डांत दारोदार गाडी येऊ लागली, कोपऱ्यावरच्या पेट्या उचलल्या गेल्या, आणि ओले-सुके वेगळे नसेल तर गाडीवाला घेईना. पाहुण्यांना गाडीवरच्या गाण्याचे कौतुक वाटते. आपल्याला ते आता झोपेतही पाठ आहे. २०१६ च्या सर्वेक्षणात पंचविसावे असलेले इंदूर २०१७ पासून पहिल्या क्रमांकावर आले. देवगुराडियाचा सुमारे तेरा लाख टनांचा डोंगर २०१८ मध्ये चाळून, माती, प्लॅस्टिक, दगडविटा वेगळे करून हटवला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच जागी रोज ५५० टन ओल्या कचऱ्यातून गॅस आणि खत काढणारा कारखाना सुरू झाला. शहरातल्या काही बसगाड्या त्या गॅसवर चालतात. कारखाना मोठा आहे, पण त्याची सारी भिस्त तुमच्या ओट्याखालच्या दोन डब्यांवर आहे. ओल्यात काच आणि प्लॅस्टिक मिसळून आले तर कितीही पैसा ओतला तरी गॅस निघत नाही. वाड ह्यांच्या खड्ड्यालाही हाच नियम होता. आत काय जाते ते आधी ठरवायचे.

आता गाडीला सहा कप्पे असतात. ओला कचरा जमिनीकडे जातो. सुका, म्हणजे कागद, धातू, काच, हा भंगारवाल्याच्या जुन्या वाटेने कारखान्याकडे. प्लॅस्टिक वेगळे, कारण ते कुजत नाही. जाळले तर विषारी धूर होतो, पुरले तर नातवंडांच्या काळातही तसेच असते. त्यापुढे इलेक्ट्रॉनिक वस्तू: जुने फोन, चार्जर. मग घरातली विषारी चीजवस्तू: पारा असलेले दिवे, बॅटरीचे सेल, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधे, किड्यामुंग्यांचे फवारे. ह्यातला एक सेल ओल्या कचऱ्यात पडला तर त्यातले जड धातू खतात उतरतात आणि भाजीच्या वाटेने परत ताटात येतात. हे पदार्थ कोणत्याही उकिरड्यात ठेवा, त्यांचे पांग बारा वर्षांत फिटायचे नाहीत. ते वेगळे ठेवायचे आणि त्या गाडीलाच द्यायचे, दुसरी वाट नाही.

सहावा कप्पा राहिला. बाळाचे आणि आजारी माणसाचे लंगोट, बायकांच्या मासिक पाळीतल्या घड्या. आजीच्या शब्दसंग्रहात ह्याला शब्द नव्हता, कारण तेव्हा कापड धुऊन, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालून पुन्हा वापरत आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे. आजही नीटसा मराठी शब्द नाही. आपण ते वर्तमानपत्रात गुंडाळतो, काळ्या पिशवीत घालतो आणि कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून बहुधा सुक्या कचऱ्याच्या तळाशी सरकवतो. सुका कचरा निवडायच्या शेडमध्ये पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या बायका ती पुडी हाताने उघडतात, कारण कागद दिसला की तो रद्दीत टाकायचा हे त्यांचे काम. नियम सांगतो की अशी पुडी घट्ट बांधून वेगळी द्यावी. आमच्या घरी त्यावर लाल पेनाने मोठी फुली मारतात. ती फुली बघून गाडीवरच्या बाईने पहिल्या दिवशी विचारले, हे काय? सांगितल्यावर तिने पुडी न उघडता सहाव्या कप्प्यात टाकली.